दादाचं यंत्र घाट उतरतं

पहिलं यंत्र मला आमच्या स्वयंपाकघरात भेटलं. सकाळी चहाचं आधण ठेवायला गेले, तर ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकून एक हिरवट राक्षस उभा. उंचीला माझ्या करंगळीएवढा. दोन जाडजूड पाय, दोन्ही खांद्यांवर तोफा, डोकं मात्र चिमुकलं. रंग ओला होता आणि तो वाळावा म्हणून माझ्या भाचीने तो शेगडीजवळच्या उबेला आणून ठेवला होता. मी तोंडाचा पट्टा सोडला. हे स्वयंपाकघर आहे की कारखाना, तुझी पीएचडी याच्यासाठी चालली आहे का, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आत्या, आधी चष्मा लाव.

चष्मा लावला. तिने सांगितलं की हे यंत्र खरं असतं तर आपल्या घाटावरच्या कुठल्याही देवळाच्या कळसावरून पलीकडे बघू शकलं असतं. त्याच्या डोक्यात एक माणूस बसतो आणि तो ते चालवतो. तो माणूस बसतो त्या जागेला काच होती, तांदळाच्या कणीएवढी. त्या कणीत तिने खाली गडद निळा, वर फिका निळा रंग भरला होता आणि कोपऱ्यात उजेड पडल्यासारखा एक पांढरा ठिपका ठेवला होता. मी बघतच राहिले. त्या काचेमागे कुणीतरी बसलंय असं मला वाटलं, अगदी खरंच वाटलं. साठी उलटलेली, बँकेतून निवृत्त झालेली बाई मी, आणि चहाचं पाणी आटून अर्धं झालं तरी मला भान नाही.

बनारसला गंगेकाठी, ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत आम्ही तिघं राहतो. माझा थोरला भाऊ, त्याची ही एकुलती एक मुलगी आणि मी. वहिनी गेल्यापासून घर माझ्या ताब्यात आहे, म्हणजे माझ्या आवाजाच्या ताब्यात. भाची विद्यापीठात धातूंवर संशोधन करते आणि दर रविवारी लंकेवर जाऊन या यंत्रांच्या लढाया खेळते. लंका म्हणजे विद्यापीठाच्या दारापुढचा मोहल्ला. पुण्याच्या नातेवाइकांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं, तरी ते दर वेळी हसतात.

दादा याज्ञिक. आमच्या इथल्या मराठी घरांत वास्तुशांत असो की उद्यापन, मंडल मांडायला दादाच लागायचा. एकोणीस उभ्या रेघा, एकोणीस आडव्या, आणि त्यांतली सगळी घरं रंगीत तांदळाने भरायची. पांढऱ्याचा एक दाणा लालात गेलेला मी कधी पाहिला नाही. मग त्याच्या उजव्या हाताला कंपवाताने धरलं. सुरुवातीला नुसता अंगठा हलायचा, तो उपरण्याखाली झाकायचा. दीड वर्षापूर्वी एका घरी मंडल भरून झालं, मधोमध कलश ठेवताना हाताने हिसका दिला आणि कलश लवंडला. पाण्याने तांदूळ वाहिले, सगळे रंग एक झाले. यजमान भला माणूस. म्हणाला, असू द्या गुरुजी, चालायचंच. दादा घरी आला तो त्या दिवसापासून माणसांत गेलाच नाही. घाटावर नाही, देवळात नाही, कुणाच्या लग्नाला नाही. कुणी भेटायला आलं तर झोपलाय म्हणून सांगायचं, असा त्याचा हुकूम.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. हात वापरायला हवा, माणसांत वावरायला हवं, नाहीतर हात आखडत जाईल आणि माणूसही. त्या एका गोष्टीची मला रात्रंदिवस धास्ती होती. आणि मी काय करत होते? त्याला भात कालवून देत होते. सदऱ्याची बटणं लावत होते. त्याचा हात भांड्याकडे निघायच्या आत माझा तिथे पोचलेला असायचा. मला वाटायचं, मी त्याच्यासाठी किती करते आहे.

त्या हिवाळ्यात भाचीच्या मंडळींनी मोठी लढाई ठरवली. एका वेळी आठ खेळणारे, चार विरुद्ध चार, आणि रणभूमी म्हणजे आपले घाट. सुतारी प्लायवूडचा एक मोठा तक्ता आमच्या मधल्या खोलीत येऊन पडला. त्यावर षट्कोनी घरं आखायची होती, शेकड्यांनी. या खेळात यंत्र एका घरातून शेजारच्या घरात चालतं, आणि षट्कोन असला की सहा दिशांना वाट मिळते. भाची पट्टी आणि कोनमापक घेऊन बसली. दोन तासांत तिसरी ओळ पहिलीला छेद देऊन गेली आणि ती रडकुंडीला आली.

आतून दादाचा आवाज आला, की पट्टी ठेव आणि दोरी आण.

दादाने मधल्या खोलीत येऊन आधी घराचं दार लावून घ्यायला लावलं. मग एका वाटीत गेरू कालवायला सांगितला. त्यात भिजवलेली सुताची दोरी एका टोकाला मी धरायची, दुसऱ्या टोकाला भाचीने, ताणून. मधोमध दादा दोरी चिमटीत उचलायचा आणि सोडायचा. टण्णकन रेघ उठायची, तक्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत, केसाइतकी सरळ. हात थरथरला तरी रेघेला त्याचं काही नसतं, ताण नीट असला की झालं. सगळ्या रेघा एका दिशेने, मग दोरीनेच माप घेऊन तिरक्या दुसऱ्या दिशेने, मग तिसऱ्या. नुसते त्रिकोण दिसायला लागले. भाचीने तोंड वाकडं केलं, की बाबा, त्रिकोण नकोत. दादा म्हणाला, सहा त्रिकोण एकत्र बघ. आम्ही बघितलं आणि एकदम सगळ्या तक्त्यावर षट्कोन उमलले, जिथे नजर टाकावी तिथे. ते तिथेच होते, आम्हालाच दिसत नव्हते. भाची तक्त्यावरच बसली आणि एकेक षट्कोन मोजायला लागली.

लढाईच्या आदल्या दिवशी तिच्या बाजूचा एक गडी तापाने पडला. तीन विरुद्ध चार हे काही खरं नाही, आणि दुसरा कुणी मिळेना. संध्याकाळी ती दादाच्या खोलीत गेली. बाबा, तुम्ही फक्त खुर्चीत बसा, चाल सांगा, यंत्र मी हलवेन, असं तिने विनवलं. तुमच्या हाताला काही करायचं नाही. दादा नाही म्हणाला. मग तिने सांगितलं की तक्ता तिथे मांडलेला असेल, पायऱ्या बसवून झाल्यात, पाणी रंगवलंय, आणि तुम्ही आखलेल्या रेघा अजून तशाच दिसतात. सकाळी मी पाहते तर हा अंघोळ करून धोतर नेसून तयार. मला सांगितलं, औषधाची डबी घे.

गल्लीतून हळूहळू रस्त्यापर्यंत, तिथून टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, लंका. एका कोचिंग क्लासची वरची खोली रविवारी रिकामी असते, तिथे यांचा अड्डा. मी नाक मुरडतच जिना चढले. पोरकट प्रकार असणार, दादाला उगीच दगदग, हे सगळं मनात तयार होतं. दार ढकललं आणि जागच्या जागी थांबले.

अख्खा नदीकाठ त्या टेबलावर मांडलेला होता. निळी-करडी गंगा एका कडेने, आणि तिच्यातून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, थर्माकोल कापून, दगडाच्या रंगाने रंगवून. शिंदे घाटाजवळचं कललेलं देऊळ तेवढंच कललेलं. राजा घाटाची भिंत. आणि या सगळ्यांमध्ये ती आठ यंत्रं. देवळाच्या शिखराशी त्यांचे खांदे लागत होते. एकाचा पाय पाण्यात, एक बुरुजाआड दबून. खोलीत एवढी माणसं असून सगळी हळू बोलत होती, गाभाऱ्यात बोलतात तशी. मी रोज त्या घाटांवरून जाते. ते किती मोठे आहेत हे मला त्या दिवशी कळलं, टेबलावर एवढेसे झाल्यावर.

दादाला खुर्ची दिली. हात उपरण्याखाली. पंच म्हणून एक चष्मेवाली मुलगी होती, आवाज शांत पण करडा. तिने नियम सांगितले. पाळीपाळीने एकेक यंत्र चालतं, मग सगळे तोफा डागतात, लागलं की नाही ते फासे ठरवतात. जास्त डागलं की यंत्र तापतं, फार तापलं की बंद पडतं, पाण्यात उभं राहिलं की निवतं. आणि एक नियम या मंडळींचा घरचा होता. यंत्र हलवताना दुसऱ्याचं यंत्र हाताने पाडलं, तर ते उचलून पुन्हा उभं करायचं, पण पाडणाऱ्याचं स्वतःचं यंत्र आडवं पडलं असं धरायचं. बाह्या घासत चालणाऱ्यांसाठी केलेला नियम, असं ती म्हणाली आणि समोरच्या एका दाढीवाल्याकडे बघितलं. तो गणित शिकवतो म्हणे. तो ओशाळून हसला.

खेळ सुरू झाला आणि दादा बदलला. पहिल्या दोन फेऱ्या तो नुसता पाहत होता. तिसऱ्या फेरीपासून त्याने भाचीला सांगायला सुरुवात केली, इकडे वळव, इथे थांब, आता डाग. भाची त्याचं यंत्र हलवायची, मग स्वतःचं. दादाला दिलेलं ते हिरवट, स्वयंपाकघरातलं यंत्र देवळाआडून निघालं आणि त्याने एकाच फेरीत शत्रूच्या एका यंत्राची तोफ उडवली. सगळ्यांनी माना वळवून दादाकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, पंडितजी तो खिलाड़ी निकले. दादाचे डोळे असे झाले होते की मला त्याच्याकडे बघवेना. दीड वर्ष मी ते डोळे पाहिले नव्हते.

पण डागून डागून यंत्र तापलं होतं. आणखी एक फेरी वर राहिलं असतं तर बंद पडलं असतं. दादा पुढे वाकला आणि घाईने म्हणाला, "खाली घरात ने."

आता हे बनारसच्या मराठी घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आमच्या घरात दोन्ही चालतात. खाली डबा म्हणजे रिकामा डबा, आणि डबा खाली ठेव म्हणजे जमिनीवर. इतक्या वर्षांत कुणाची कधी चूक झाली नाही, कारण डबा समोर असतो. दादाला म्हणायचं होतं, खाली, पाण्यातल्या घरात. भाचीला वरच्या पायरीवर देवळाशेजारी एकच घर रिकामं दिसलं. खाली घर. तिने यंत्र उचलून तिथे ठेवलं आणि हात काढला.

हात काढला की चाल झाली. दादा ओरडलाच, की अगं पाण्यात म्हटलं मी, पाण्यात. ती म्हणाली, बाबा, तुम्ही खाली म्हणालात, हे खाली आहे ना. समोरच्या कुणाला मराठी येत नव्हतं पण अनर्थ झालाय हे सगळ्यांना कळलं. उघड्यावर उभ्या त्या यंत्रावर शत्रूच्या चारही यंत्रांनी तोफा डागल्या. भाचीच्या हातातल्या कागदावर चिलखताची वर्तुळं असतात, ती एकामागून एक काळी होत गेली. खांद्यावरची तोफ गेली, एका पायाला लागलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी. दादा मात्र तिच्यावर रागावलेला नव्हता. तो त्या यंत्राकडे बघत होता.

पुढची फेरी आली. भाचीने विचारलं, बाबा, आता पाण्यात ना? दादाने उपरणं बाजूला केलं.

"मी नेतो," तो म्हणाला.

हात बाहेर आला तो जोरजोरात हलत होता. दीड वर्षात माझ्याखेरीज, भाचीखेरीज, तो कुणी पाहिला नव्हता. मी खुर्चीतून अर्धी उठलेच होते, हात पुढे निघालाच होता, नेहमीसारखा. दादाने माझ्याकडे न बघता सांगितलं, "हात लावू नकोस."

पंच मुलीला परिस्थिती कळली. ती हळूच म्हणाली की अंकल के लिए गिराने वाला रूल हटा देते हैं. दादाने मान हलवली. "सबके लिए एक नियम है, तो मेरे लिए भी."

त्याने यंत्र उचललंच नाही. दोन बोटांत कमरेला धरलं आणि घरातून घरात सरकवत निघाला. बोटं थरथरत होती आणि यंत्राचे पाय तक्त्यावर वाजत होते. टकटक, टकटक. एक पायरी उतरलं. थांबलं. पुन्हा टकटक. मी सांगते, मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, ते यंत्र चालत होतं. तोपर्यंत दिवसभर सगळ्यांनी यंत्रं उचलून ठेवली होती, प्यादी ठेवावीत तशी. हे एकटं चालत होतं. जखमी, जड, लंगडत घाट उतरत होतं, आणि त्याच्या पायाने पायऱ्या हादरत होत्या. दाढीवाला खाली वाकून टेबलाच्या पातळीवर डोळे आणून बघायला लागला. मग दुसरा वाकला, तिसरी वाकली. "चल रही है," दाढीवाला स्वतःशीच पुटपुटला, "अरे, सच में चल रही है." एवढंसं प्लास्टिक, आणि मला वाटत होतं की ते माझ्याहून कितीतरी मोठं आहे आणि मी खाली घाटावर उभी राहून मान वर करून बघते आहे.

शेवटची पायरी उरली. तिथे दाढीवाल्याचं आणि त्याच्या जोडीदाराचं अशी दोन यंत्रं दाटीने उभी होती, मधून एका घराची वाट. दादा त्या फटीत शिरला. अर्धा गेला. आणि हाताने हिसका दिला. तोच हिसका, कलशाच्या वेळचा. दाढीवाल्याचं यंत्र डुगडुगलं, आडवं झालं आणि खडखडत पाण्यात गेलं.

मला वाटलं, संपलं. आता हा उठेल, उपरणं घेईल, घरी जाईल, आणि पुन्हा कधी बाहेर पडणार नाही. असू द्या, चालायचंच, असं कुणी आता म्हणू नये म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते.

कुणी म्हणालं नाही. पंच मुलीने चष्मा सावरला आणि दाढीवाल्याला कुठल्या आवाजात सांगितलं असतं त्याच आवाजात दादाला सांगितलं, "पंडितजी, आपकी मशीन गिर गई."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने आपलं यंत्र स्वतःच पाण्याच्या घरात आडवं केलं. दाढीवाल्याने स्वतःचं उचलून जागेवर ठेवलं आणि अगदी निर्दयपणे, डोळ्यांत चमक आणून, पडलेल्या यंत्रावर तोफा डागायला फासे उचलले. दोन लागले. आणखी वर्तुळं काळी झाली. कुणालाही दादाची जराही दया येत नव्हती, आणि मला त्या सगळ्या पोरांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

त्याची पाळी परत आली तेव्हा दादाने विचारलं की पडलेलं यंत्र उठायला काय लागतं. पंच म्हणाली, दोन फासे, बेरीज नऊ किंवा वर, पायाला लागलंय म्हणून नऊ. दादाने फासे मुठीत घेतले. मूठ आपोआपच हलत होती. टाकले. पाच. यंत्र पडून राहिलं, पुन्हा तोफा खाल्ल्या. पुढच्या फेरीला सात. भाचीने कागद माझ्यापुढे धरला, तीन वर्तुळं उरली होती. तिसऱ्यांदा टाकले. सहा आणि चार.

"खड़ी कर लीजिए," पंच म्हणाली.

उभं करायचं तर हातानेच करायला हवं होतं. दादाने बोटं यंत्राशी नेली. धरलं, निसटलं. पुन्हा धरलं, गुडघ्यावर आलं, पुन्हा कललं. किती वेळ लागला कोण जाणे. सात जणांची चाल खोळंबली होती आणि सातही जण खुर्चीवर पुढे सरकून थांबले होते. कुणाचा हात टेबलावर आला नाही. मी माझे दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांवर बसले होते, एवढी जोरात की बांगडी रुतली. दीड वर्षात मी त्याला एकदाही पडू दिलं नव्हतं, आणि म्हणून एकदाही उठू दिलं नव्हतं.

यंत्र उभं राहिलं. दादाने बोटं सोडली, नीट उभं आहे ना ते पाहिलं आणि थरथरता हात तसाच टेबलाच्या काठावर, सगळ्यांसमोर ठेवून विचारलं, "हाँ, अब किसकी चाल है?"